वाचनालयातले जुने लॅपटॉप, लिनक्स मिंट आणि न दिसणारं वायफाय: मदत हवीय

वाचनालयवाला:
नमस्कार मंडळी. भुदरगड तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयाला पुण्या-मुंबईत असलेल्या गावकऱ्यांनी तीन जुने लॅपटॉप दिलेत. तिन्हीवर विंडोज १० होतं, त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि प्रोसेसर जुने असल्यामुळे विंडोज ११ चढत नाही. संध्याकाळी स्पर्धा परीक्षेची पोरं येतात, त्यांना फॉर्म भरायला, जुने पेपर बघायला मशीन पाहिजेच, म्हणून विंडोजऐवजी लिनक्स मिंट २२ ही फुकट ऑपरेटिंग सिस्टीम टाकली. इन्स्टॉल व्यवस्थित झालं, मराठी टायपिंगपण आलं, पण वायफायपाशी गाडं अडलंय. पहिल्या लॅपटॉपवर वायफायचं चिन्हच येत नाही. दुसऱ्यावर नेटवर्क दिसतं पण राऊटरच्या कपाटाला टेकून बसलं तरच जोडलं जातं, वाचनाच्या टेबलापर्यंत आलं की गेलं. तिसऱ्यावर "हार्डवेअर स्विचने बंद आहे" अशा अर्थाचं काहीतरी येतं. केबल टाकायची तर भिंतीला भोक पाडावं लागेल आणि इमारत ग्रामपंचायतीची आहे, ते होणार नाही. कुठून सुरुवात करू?

झटपट_राव:
यूट्यूबवर एक व्हिडिओ आहे, खाली सगळ्या कमांड दिल्यात, एकापाठोपाठ एक पेस्ट करत जायचं. माझं त्यानेच सुरू झालेलं.

टर्मिनल_तात्या:
राव, तुमचं झालं याचा आनंद आहे, पण त्या कमांड तुमच्या चिपसाठी होत्या. यांचे तीन लॅपटॉप तीन वेगळ्या चिपचे असणार, आणि आजार पण तीन वेगळे दिसतायत, एकच औषध तिघांना पाजलं तर आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी व्हायचं. उलट एकाचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, दुसऱ्याला आडवा येतो आणि मग साफसफाई करत बसावं लागतं.

वाचनालयवाला, लॅपटॉपची कंपनी आणि मॉडेल विसरा. एकाच मॉडेलमध्ये कंपन्या बॅचप्रमाणे वेगवेगळी वायफाय कार्डं घालतात, त्यामुळे झाकणावरच्या नावावरून काही कळत नाही. आतल्या चिपचा नंबर पाहिजे. टर्मिनल, म्हणजे कमांड टाईप करायची खिडकी, उघडा, एलएसपीसीआय लिहा, स्पेस, मग डॅश आणि एनएनके, सगळं छोट्या अक्षरात, एंटर. लांबलचक यादी येईल, त्यात नेटवर्क कंट्रोलर असं लिहिलेली ओळ शोधा. त्या ओळीच्या शेवटी चौकोनी कंसात चार-चार अक्षरांची जोडी असते, मधे कोलन. तीच खरी ओळख. पहिले चार कंपनीचे: ८०८६ म्हणजे इंटेल, १४ई४ ब्रॉडकॉम, १०ईसी रिअलटेक, १६८सी एथेरॉस, १४सी३ मीडियाटेक. पुढचे चार त्या कंपनीची नेमकी चिप. त्याच्या खाली "कर्नल ड्रायव्हर इन यूज" अशी ओळ आहे का नाही तेही सांगा, ती ओळ नसेल तर कार्ड सापडलंय पण त्याला चालवणारा कोणी नाहीये असा अर्थ.

तिसऱ्या मशीनवर आणखी एक कमांड द्या, आरएफकिल लिस्ट. सॉफ्ट ब्लॉक्ड आणि हार्ड ब्लॉक्ड अशा दोन ओळी येतील, दोन्हींपुढे यस आहे का नो ते लिहा.

मृगनक्षत्र:
तात्या बरोबर बोलतायत. फक्त एक भर, वायफाय यूएसबीचं असेल तर ते एलएसपीसीआय मध्ये येणार नाही, तिथे एलएसयूएसबी. बाकी प्रकार तोच.

वाचनालयवाला:
तिन्ही मशीनवर केलं. फोटोवरून टाईप करतोय.

पहिला: ब्रॉडकॉम बीसीएम४३१४२, १४ई४:४३६५, ड्रायव्हर इन यूज पुढे बीसीएमए-पीसीआय-ब्रिज.
दुसरा: रिअलटेक आरटीएल८७२३बीई, ड्रायव्हर आरटीएल८७२३बीई.
तिसरा: इंटेल, ८०८६ ने सुरू होतो, ड्रायव्हर आयडब्ल्यूएलवायफाय. आरएफकिल मध्ये सॉफ्ट नो, हार्ड यस.

टर्मिनल_तात्या:
आता अंधारात चाचपडायला नको, तिन्हींचं निदान इथेच झालंय.

सगळ्यात सोपा तिसरा, तो आधी उरकू. सॉफ्ट ब्लॉक म्हणजे सॉफ्टवेअरने बंद केलेलं, ते आरएफकिल अनब्लॉक वायफाय या कमांडने सुटतं. हार्ड ब्लॉक कमांडने सुटत नाही, कारण तो मशीनवरच्या बटणाचा असतो. त्या काळातल्या बऱ्याच लॅपटॉपना पुढच्या कडेला, तळहात टेकतो त्याच्या खाली, छोटं सरकवायचं बटण असायचं, कित्येकदा स्टिकरखाली किंवा धुळीने भरलेलं असतं म्हणून लक्षात येत नाही. लॅपटॉप उलटा करून नखाने चाचपून बघा. ते नसेल तर एफएन की आणि वरच्या ओळीत अँटेनाचं चित्र असलेली की. तेही नसेल तर बायॉसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन वायरलेस डिसेबल आहे का बघायचं, ऑफिसातून निघालेले लॅपटॉप असतील तर आयटीवाल्यांनी तिथून बंद केलेलं असू शकतं.

पहिला आता. त्याच्यापुढे बीसीएमए-पीसीआय-ब्रिज दिसतंय तो नुसता पूल, वायफाय चालवणारा ड्रायव्हर नव्हे. बीसीएम४३१४२ ला कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला, खुला ड्रायव्हर नाही, याला ब्रॉडकॉमचा स्वतःचा बंद ड्रायव्हर लागतो ज्याला सगळे डब्ल्यूएल म्हणतात. नेटवर बी४३ या दुसऱ्या ड्रायव्हरचं फर्मवेअर टाका असा सल्ला जागोजागी सापडेल, तो बीसीएम४३१२ वगैरे जुन्या चिपसाठी आहे, तुमच्या चिपला त्याचा काडीचा उपयोग नाही. तुम्हाला पॅकेज पाहिजे ते बीसीएमडब्ल्यूएल-कर्नल-सोर्स. मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमध्ये ते आपोआप सुचवलं जातं.

वाचनालयवाला:
पण ड्रायव्हर मॅनेजर म्हणतो इंटरनेट नाही. इंटरनेटसाठी तर ड्रायव्हर पाहिजे. इथेच अडकून बसलोय.

मृगनक्षत्र:
अँड्रॉइड फोन घ्या, चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडा. केबल डेटावाली पाहिजे, काही स्वस्त केबली नुसत्या चार्जिंगच्या असतात. फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉट आणि टिदरिंग असं असतं, त्यात यूएसबी टिदरिंग चालू करा. केबल जोडल्याशिवाय तो पर्याय फिकट दिसतो म्हणून लोकांना वाटतं आपल्या फोनला नाही. मिंटला तो फोन वायर्ड नेटवर्क म्हणून दिसतो, वेगळा ड्रायव्हर काही लागत नाही. आणि मोबाईलचा डेटा जाईल ही भीती नको, फोन वाचनालयाच्या वायफायला जोडलेला असला तर बहुतेक फोन तेच नेट केबलमधून पुढे देतात.

मी तर आता कोणाकडेही लिनक्स टाकायला जाताना दुसरं काहीच नेत नाही, फोन आणि केबल. डोंगल नाही, लॅनची वायर नाही.

टर्मिनल_तात्या:
हेच सांगणार होतो. फोन नसेल तर दुसरी वाट पण आहे, ज्या पेनड्राइव्हवरून मिंट टाकलं त्याच्यात हे ब्रॉडकॉमचं पॅकेज असतं. पेनड्राइव्ह लावून माउंट केला आणि ड्रायव्हर मॅनेजर रिफ्रेश केला की तो तिथून उचलतो. पण टिदरिंग सोपं.

एक गोष्ट नीट वाचा, यात निम्मे लोक अडकतात. बायॉसमध्ये सिक्युअर बूट, म्हणजे ओळखीची सही असलेलाच ड्रायव्हर चालू देणारी सुरक्षा, चालू असेल तर ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगेल, साधा ठेवा आणि कागदावर लिहा. मग मशीन रीस्टार्ट केलं की मिंट यायच्या आधी निळी स्क्रीन येते, कुठलंही बटण दाबा म्हणते आणि दहा सेकंद मोजते. तेव्हा समोर बसून राहायचं, चहाला उठायचं नाही. बटण दाबलं की मेनू येतो, त्यात एनरोल एमओके, मग कंटिन्यू, मग यस, मग तो पासवर्ड, मग रीबूट. ती दहा सेकंदं हुकली तर मशीन नेहमीसारखं सुरू होतं, ड्रायव्हर टाकलेला दिसतो पण वायफाय काही येत नाही, आणि हाताने लोड करायला गेलात तर की रिजेक्टेड असा मेसेज येतो. लोक मग ड्रायव्हर काढतात, परत टाकतात, भलतं पॅकेज टाकतात. गोष्ट फक्त त्या निळ्या स्क्रीनची असते.

झटपट_राव:
तात्या, मला ही निळी स्क्रीन आलीच नव्हती.

टर्मिनल_तात्या:
तुमचं सिक्युअर बूट बंद असणार, किंवा मशीन त्याच्याही आधीचं. मग सही तपासत नाही कोणी.

पंखा_फुल_स्पीड:
एक विचारू का, इतकी वर्षं झाली तरी ब्रॉडकॉमलाच हा त्रास का? इंटेलवाल्यांना काहीच करावं लागत नाही.

टर्मिनल_तात्या:
चांगला प्रश्न आहे, जरा लांब लिहितो. वायफाय कार्ड चालायला दोन गोष्टी लागतात. एक ड्रायव्हर, तो कर्नलचा भाग, तो कार्डाशी बोलतो. दुसरं फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आतल्या छोट्या प्रोसेसरवर चालणारा प्रोग्राम, तो बहुतेक कार्डांत दर बूटला ड्रायव्हरच भरतो. इंटेल ड्रायव्हर खुला लिहून स्वतः कर्नलमध्ये देते आणि फर्मवेअर बंद असलं तरी वाटायची परवानगी देते. म्हणून उबुंटू, मिंट, फेडोरा असे सगळे डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचे प्रकार, ते बरोबरच देतात आणि तुम्हाला कळतपण नाही.

ब्रॉडकॉमने सुरुवातीला कागदपत्रंच दिली नाहीत. तेव्हा काही लोकांनी विंडोजचा किंवा राऊटरमधला ड्रायव्हर उलटा उकलून चिप कशी चालते ते लिहून काढलं, आणि दुसऱ्या गटाने मूळ कोड न बघता नुसत्या त्या लिखाणावरून नवा ड्रायव्हर लिहिला. कोणी चोरी म्हणू नये म्हणून मुद्दाम दोन गट. तो २००६ मध्ये कर्नल २.६.१७ मध्ये आला, पुढे त्याचंच बी४३ झालं. पगार नाही, कागदपत्रं नाहीत, आणि तरी हजारो लॅपटॉप चालू झाले, मला त्या मंडळींचं फार मोठं वाटतं. २०१० मध्ये कंपनीने काही चिपसाठी खुला ड्रायव्हर दिला, पण मधल्या काही चिप दोन्हीकडून सुटल्या, त्यातली ही ४३१४२. तिच्यासाठी डब्ल्यूएलच, आणि कंपनीची त्याची शेवटची आवृत्ती २०१५ ची. तेव्हापासून दर नव्या कर्नलला तो बसावा म्हणून डिस्ट्रोवाले स्वतःच त्याला ठिगळं लावतायत.

त्याच्याही आधी एनडीआयएस रॅपर होता, विंडोजची ड्रायव्हर फाईलच लिनक्समध्ये चालवायची. कोणी आज सुचवलं तर ऐकू नका, ते दिवस गेले.

कोकणकडा:
धाग्यात घुसतोय, माफी असावी. माझ्याकडे डेबियन या दुसऱ्या लिनक्सचा जुना पेनड्राइव्ह आहे, ११ चा, इन्स्टॉल करताना इंटेलचं कार्ड असूनही फर्मवेअर मिसिंग म्हणतो. मग इंटेल सोपं कसं?

टर्मिनल_तात्या:
कार्ड तेच सोपं, फरक डेबियनच्या नियमाचा. डेबियन बंद फर्मवेअर आपल्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये ठेवत नव्हतं, वेगळी अनधिकृत प्रत शोधून उतरवावी लागायची आणि नव्या माणसाला ती सापडायची नाही. २०२२ च्या ऑक्टोबरात डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून हे बदललं, आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून अधिकृत इन्स्टॉलरमध्येच फर्मवेअर असतं, त्यासाठी नॉन-फ्री-फर्मवेअर हा वेगळा कप्पा केलाय. जुना पेनड्राइव्ह पुसा आणि नवी आयएसओ (इन्स्टॉलची फाईल) घ्या, तुमचा प्रश्न तिथेच मिटेल. मुक्त सॉफ्टवेअरबद्दलचा त्यांचा आग्रह मला पटतो, पण वायफायच नसेल तर माणूस मुक्त सॉफ्टवेअरपर्यंत पोचायचाच नाही, म्हणून तो निर्णय योग्य झाला असं माझं ठाम मत.

वाचनालयवाला:
तात्या, तिसरा चालू झाला!! पुढच्या कडेला, स्टिकरखालीच होतं बटण. सरकवल्यावर एक छोटा दिवा लागला आणि लगेच नेटवर्कची यादी आली. पहिल्याचं पण झालं, टिदरिंग करून ड्रायव्हर टाकला, निळी स्क्रीन आली, तुम्ही लिहिलेलं समोर ठेवूनच केलं. दुसरा राहिलाय.

मृगनक्षत्र:
वा! दुसऱ्याचं मी सांगते, हीच चिप माझ्या मावशीच्या लॅपटॉपमध्ये आहे. आरटीएल८७२३बीई कार्डावर अँटेना जोडायला दोन जागा असतात, पण काही लॅपटॉपमध्ये खर्च वाचवायला एकच अँटेना बसवलेली असते. ती कुठल्या जागेला जोडलीय ही माहिती कार्डात चुकीची भरलेली असली की ड्रायव्हर रिकाम्या जागेवरून ऐकत बसतो. म्हणून राऊटरला चिकटल्यावरच सिग्नल येतो. कार्ड खराब नाही, ड्रायव्हरला फक्त दुसऱ्या जागेवरून ऐक म्हणून सांगायचं.

आधी तपासून बघा, कायमचं नंतर. टेबलापाशी बसा. सुडो मॉडप्रोब डॅश आर आरटीएल८७२३बीई, याने ड्रायव्हर निघेल. मग सुडो मॉडप्रोब आरटीएल८७२३बीई, स्पेस, एएनटी अंडरस्कोर एसईएल बरोबरचं चिन्ह २. थोडं थांबून एनएमसीएलआय डिव्हाइस वायफाय लिस्ट, त्यात सिग्नलचा आकडा शंभरपैकी असतो. तोच प्रयोग २ च्या जागी १ घालून. ज्याला आकडा मोठा तो तुमचा.

मग कायमचं करायला ईटीसी फोल्डरमधल्या मॉडप्रोब डॉट डी या फोल्डरात एक फाईल करायची, नाव काहीही, शेवट डॉट कॉन्फ, आणि आत एकच ओळ: ऑप्शन्स, मग ड्रायव्हरचं नाव, मग तेच एएनटी अंडरस्कोर एसईएल, बरोबरचं चिन्ह आणि तुमचा आकडा. सिग्नल आल्यावर पण मधेमधे तुटत असेल तर त्याच ओळीत पुढे आयपीएस बरोबर ० आणि एफडब्ल्यूएलपीएस बरोबर ० घाला, ते वीज बचतीचे पर्याय आहेत, या चिपला मानवत नाहीत.

झटपट_राव:
एवढं सगळं करण्यापेक्षा एक यूएसबी डोंगल घेतला की काम संपलं ना? लॅमिंग्टन रोडला ढिगाने मिळतात.

टर्मिनल_तात्या:
घ्या जरूर, पण तिथेही आधी चिप विचारा. टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूएन७२२एन हे ठळक उदाहरण, पहिल्या व्हर्जनमध्ये एथेरॉस एआर९२७१ होती, तिचं तर फर्मवेअरसुद्धा खुलं आहे. व्हर्जन दोन आणि तीनमध्ये रिअलटेकची चिप आली, नाव तेच, खोकं तसंच, आतला माल वेगळा. व्हर्जन मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेलं असतं. दुकानदार "लिनक्सला चालतो" म्हणाला तर कुठली चिप आहे एवढं विचारा, नाही सांगता आलं तर पुढचं दुकान.

आणखी एक, काही डोंगल लावले की आधी सीडी ड्राइव्ह म्हणून दिसतात, कारण त्यांच्या पोटात विंडोजचा ड्रायव्हर भरलेला असतो. एलएसयूएसबी मध्ये ०बीडीए:१ए२बी दिसलं तर तोच प्रकार. लिनक्समध्ये यूएसबी-मोडस्विच नावाचं पॅकेज त्याला वायफायच्या रूपात आणतं, कधी नुसतं फाईल मॅनेजरमध्ये इजेक्ट केलं तरी येतो.

पंखा_फुल_स्पीड:
आणि लॅपटॉप उघडून कार्डच बदललं तर? पुण्यात तपकीर गल्लीत जुनी इंटेल कार्डं मिळतात.

टर्मिनल_तात्या:
उत्तम उपाय, पण बघून. एएक्स२०० किंवा एएक्स२१० घेतलं तर ते साधं पीसीआयई कार्ड, एम.२ या नव्या पद्धतीची जागा असलेल्या बहुतेक मशीनमध्ये चालतं. एएक्स२०१ किंवा एएक्स२११ दिसायला तसंच, पण त्याचा अर्धा भाग इंटेलच्या प्रोसेसर-चिपसेटमध्ये असतो, एएमडीच्या किंवा जुन्या मशीनमध्ये ते चालणारच नाही. यांच्यासारखे जुने लॅपटॉप असतील तर एम.२ ऐवजी मिनी पीसीआयई या जुन्या पद्धतीची जागा असण्याचीही शक्यता आहे, उघडून बघितल्याशिवाय घेऊ नका. शिवाय काही जुन्या लॅपटॉपचं बायॉस ठराविक कार्डंच घेतं, दुसरं लावलं की सुरूच होत नाही. अँटेनाच्या त्या बारीक काळ्या-पांढऱ्या वायरी काढताना वायर ओढायची नाही, पितळी टोपी खालून सरळ वर उचलायची.

अटलांटावाली:
माझं पण लिहिते, कोणाला उपयोग होईल. इथून नाशिकला सुट्टीत आले तेव्हा माझ्या लिनक्स लॅपटॉपला घरचं वायफाय दिसायचंच नाही, शेजाऱ्यांची सगळी दिसायची, आणि फोनला मात्र घरचं व्यवस्थित. राऊटर चॅनल १३ वर होता. भारतात १ ते १३ चालतात, अमेरिकेत ११ पर्यंतच, आणि लॅपटॉपवर देश अमेरिका लावलेला. सुडो आयडब्ल्यू रेग सेट आणि पुढे मोठ्या लिपीत आयएन, एवढ्याने दिसायला लागलं. काही कार्डं देश स्वतःच्या फर्मवेअरमध्ये ठरवतात, ती हे ऐकत नाहीत, तिथे राऊटरमध्ये जाऊन चॅनल १, ६ किंवा ११ करून टाकायचं.

पंखा_फुल_स्पीड:
आर्च लिनक्स टाकणाऱ्यांसाठी पण एक. इन्स्टॉल करताना आयडब्ल्यूसीटीएल या कमांडने वायफाय चालतं, पण ते त्या पेनड्राइव्हवरच्या सिस्टीममध्ये असतं, तुमच्या नव्या सिस्टीममध्ये आपोआप येत नाही. रीबूट करायच्या आधीच क्रूटमध्ये (पेनड्राइव्हवरून नव्या सिस्टीमच्या आत शिरलेले) असताना लिनक्स-फर्मवेअर आणि नेटवर्कमॅनेजर टाकून सर्व्हिस एनेबल करून घ्या. माझ्या हॉस्टेलवर दर वर्षी नवी पोरं याच जागी अडकतात.

वाचनालयवाला:
मृगनक्षत्र ताई, २ आकड्यावर काम झालं. टेबलापाशी सिग्नल १८ होता तो ७४ आला. आज संध्याकाळी तिन्ही मशीन एकाच वेळी चालू होती, दोन मुलींनी तलाठी भरतीचे जुने पेपर उतरवून घेतले. तुमचे सगळ्यांचे उपकार. शेवटचं एक विचारतो, पुढे अपडेट आले तर हे परत बंद पडणार का? मी रोज तिथे नसतो, ग्रंथपाल काकांना टर्मिनल येत नाही.

टर्मिनल_तात्या:
दुसऱ्या आणि तिसऱ्याची काळजी नको, ते ड्रायव्हर कर्नलमध्येच आहेत, आणि तुमची ती एका ओळीची फाईल अपडेटने जात नाही. लक्ष ठेवायचं ते पहिल्यावर. त्याचा ड्रायव्हर डीकेएमएस या सोयीमार्फत प्रत्येक नव्या कर्नलसाठी नव्याने तयार होतो, त्यासाठी लिनक्स-हेडर्स-जेनेरिक हे पॅकेज असलंच पाहिजे, आत्ताच बघून घ्या. त्या मशीनवर अपडेट मॅनेजरमध्ये कर्नलची मालिका बदलू नका, २२ बरोबर आलेली ६.८ चीच ठेवा, तिचे सुरक्षेचे अपडेट येत राहतात.

तरीही एखाद्या दिवशी वायफाय गेलंच तर काकांना एवढंच शिकवून ठेवा: मशीन चालू होताना एस्केप दाबायचं, किंवा जुनं बायॉस असेल तर शिफ्ट धरून ठेवायचं, मेनू आला की ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, त्यात वरून दुसरा कर्नल, रिकव्हरी लिहिलेला नव्हे, साधा. वायफाय परत येईल आणि पोरांचं काम थांबणार नाही. नवीन कर्नलचं काय बिघडलं ते तुम्ही गावी आलात की बघू, इथेच लिहा.

वाचनालयवाला:
हेडर्स आहेत, बघितलं. एस्केपचं कागदावर लिहून लॅपटॉपच्या बॅगेत ठेवतो आणि उद्या काकांकडून एकदा करवून घेतो.